ग्रिल उपसमिती

मी फक्त विचारलं होतं. हे वाक्य मी आतापर्यंत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, गॅस एजन्सीतल्या माणसाला, पिरंगुटच्या एका फॅब्रिकेटरला आणि स्वतःच्या बायकोला सांगितलं आहे. कुणाचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. हल्ली मलाही वाटू लागलंय की मी जरा जास्तच विचारलं असावं.

कंपनीने नांदेडहून पुण्याला बदली केली म्हणून आम्ही महाळुंग्यात फ्लॅट घेतला. आमची किमया तेव्हापासून गप्प गप्प असायची. नांदेडला तिच्या वाढदिवसाला आमचा जिना पुरत नसे. इथे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुली सहाव्या मजल्यापर्यंत आपापल्या मोबाइलकडे बघायच्या. पण दिवाळीनंतर काय झालं कोण जाणे, बी विंगच्या चार-पाच जणी तिला खेळायला बोलवू लागल्या आणि त्या आनंदात तिने सगळ्यांना सांगून टाकलं की माझा वाढदिवस बार्बेक्यू डेकवर आहे आणि ग्रिलवर सगळं माझे बाबा करणार आहेत.

बाबांनी आयुष्यात ग्रिलवर काही केलेलं नव्हतं. घरात माझ्यावर फक्त पापड भाजण्याची जबाबदारी आहे, तीही हेमलता जवळ उभी असताना. पण मुलगी शाळेचा डबा भरता भरता गाणं म्हणत होती. असं गाणं मी जूनपासून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, करू की.

बार्बेक्यू डेक म्हणजे आमच्या पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीच्या, कोपऱ्यातली फरशी. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिथे गोरी माणसं हसत उभी होती. प्रत्यक्षात तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स पांघरून एक गॅस ग्रिल उभं होतं. सॅम्पल फ्लॅट दाखवायच्या काळात बिल्डरने ते एकदोनदा पेटवलं म्हणे, आणि त्यानंतर सगळे फ्लॅट विकले गेल्यामुळे पेटवायचं कारण उरलं नाही. चार बर्नर, एक झाकण आणि चारपैकी तीन चाकं.

ते वापरू का, एवढंच विचारायला मी सेक्रेटरी शरदचंद्रांकडे गेलो. शरदचंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असले तरी पाटबंधारे खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते चहा पितानाही अवर सचिवासारखे पितात.

"वापर कोणत्या प्रयोजनार्थ?" त्यांनी विचारलं.

"मुलीचा वाढदिवस आहे."

"म्हणजे वैयक्तिक प्रयोजन. आणि उपकरण सामायिक. हा विषय समितीपुढे ठेवावा लागेल."

विषय समितीपुढे ठेवला गेला. मलाही तिथे बसवलं. आमचे चेअरमन हैबतराव हे मूळचे इथलेच. जिथे आमची बी विंग आहे तिथे त्यांची भाताची खाचरं होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना सोसायटीत फ्लॅट मिळाले आणि फ्लॅटसोबत चेअरमनपद आपोआप आलं. ते म्हणाले, "आवो, पोरीचा वाढदिवस हाय. वापरू द्या की. त्यात काय लई इचार करायचा?"

समितीला मात्र विचार करायचाच होता. ग्रिलवर पूर्वी काय भाजलं गेलं हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून शाकाहारी सदस्यांनी ते आधी घासून लख्ख व्हावं अशी सूचना मांडली. मांसाहारी सदस्यांनी, पुढे आमच्या वाट्याला कुठले बर्नर येणार, असं विचारलं. या चर्चेत पाऊण सभा गेली. शेवटी डावीकडचे दोन बर्नर शाकाहारी आणि उजवीकडचे दोन मिश्र, पहिला वापर मात्र निव्वळ शाकाहारी, असं ठरलं. मग साफसफाई आणि देखभाल कुणी करायची, असा प्रश्न निघाला आणि खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सअॅपवर शरदचंद्रांच्या सहीने झळकलं: 'सोसायटीची ग्रिल उपसमिती गठित करण्यात आली असून ग्रिलविषयक सर्व बाबींसाठी श्री. विश्राम, बी ७०३, यांच्याशी संपर्क साधावा.'

उपसमितीत दुसरं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी बेल वाजली. ए विंगमधल्या रेश्माताई दारात होत्या. मला वाटलं, ग्रिल साफ करायचा काही उपाय सांगायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "आमचं मूल रांगायला लागलंय हो. बाल्कनीला ग्रिल लावायला परवानगी द्या ना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इमारतीचं रूप बिघडतं म्हणून आमच्या सोसायटीत बाल्कनीला ग्रिल लावायला बंदी आहे, आणि त्यावरून दोन वर्षं धुसफूस चालू होती, हे मला मागाहून कळलं. मी नवा माणूस. मी रेश्माताईंना समजावलं की माझं ग्रिल वेगळं, ते स्वयंपाकाचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमचा विरोध नाही ना?"

"माझा कशाला विरोध असेल?" मी म्हणालो.

माझा विरोध नाही ही बातमी जेवणाच्या आत दोन्ही विंगमध्ये पोचली. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दारात कबुतरांनी त्रासलेले, माकडांना घाबरणारे, कपडे उडून जाणारे असे सगळे येऊन गेले. एक आजोबा तर बाल्कनीचा नकाशा घेऊन आले. हेमलता प्रत्येकाला चहा देत राहिली. शेवटी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुम्ही नेमकं काय करायलात?" तिने विचारलं. रागावली की तिची भाषा थेट नांदेडला जाते.

"ग्रिल साफ करायचंय."

"मग ते करा की. हे काय चालवलंय?"

शनिवारी सकाळी मी ग्रिलचं झाकण उघडलं. आत काय होतं ते मी जेवणाच्या वेळी वाचणाऱ्या वाचकांसाठी सविस्तर सांगत नाही. जुनं तेल थिजून त्याचा डांबरासारखा थर झाला होता आणि त्यावर कबुतरांनी आपलं मत नोंदवलं होतं. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी कुंभारीण माश्यांनी चिखलाची घरं बांधली होती. सोसायटीत ताबा वेळेवर मिळालेले रहिवासी मला तेवढेच दिसले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ग्रुपवर कुणी बेकिंग सोडा सांगितला, कुणी लिंबू-मीठ, कुणी चुलीतली राख. सातव्या मजल्यावर चुलीतली राख कुठून आणायची याबद्दल कुणी काही बोललं नाही. माझ्याच कंपनीतल्या एका मुलाने इंग्रजी व्हिडिओ पाठवला. त्याचं म्हणणं, घासायची गरजच नाही, ग्रिल पूर्ण आचेवर पेटवून ठेवायचं, घाण आपोआप जळून जाते. फार शास्त्रशुद्ध पद्धत होती. फक्त त्यासाठी ग्रिल पेटायला हवं होतं, आणि घाणीमुळे ते पेटत नव्हतं.

मी तारेचा ब्रश घेऊन बसलो. दिवसभर घासलं. संध्याकाळी हेमलताने मोबाइलवर कुठेतरी वाचलं की ब्रशची तुटलेली तार जाळीत अडकून अन्नातून पोटात जाते. "दुसऱ्यांची लेकरं येणार आहेत," ती म्हणाली. मग मी फ्रिजवरचं हत्तीचं मॅग्नेट काढलं आणि पोडियमवर गुडघे टेकून जाळीच्या प्रत्येक सळईवरून तो हत्ती फिरवला. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. विचारलं कुणी नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

जाळीवरचा गंज निघाल्यावर कळलं की ती जाळी म्हणजे मुख्यतः गंजच होता. मधल्या तीन सळया हातात आल्या.

तेलाच्या ट्रेचा थर मात्र हलेना. एका सकाळी हैबतराव फेरीला आले होते. ते थोडा वेळ वाकून बघत राहिले.

"कॉस्टिक सोडा टाका. येका रातीत चकाचक," ते म्हणाले.

"चालेल ना याला?"

"न चालायला काय झालं? आमच्या हितल्या समद्या कढया त्यानंच धुत्यात लग्नात."

मी सोडा आणला. पोडियमच्या नळाशी एका बादलीत तो ट्रे बुडवला. बादली फसफसायला लागली. आधी मला आनंद झाला. मग बादली गरम झाली, धूर निघाला, आणि मी दोन पावलं मागे सरकलो. शांत झाल्यावर लांबूनच भरपूर पाणी ओतलं आणि काठीने ट्रे बाहेर काढला. तेल गेलं होतं. ट्रेही बराचसा गेला होता. जे उरलं होतं ते काळं पडलं होतं आणि त्यातून पलीकडचं दिसत होतं. अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा चालत नाही हे मी शाळेत शिकलो होतो. पण परीक्षेत ते आलं नव्हतं.

हैबतरावांनी ट्रे उचलून उजेडाकडे धरला. "मालच हलका हाय," ते म्हणाले, "आमच्या कढया लोखंडी हायेत."

ट्रेच्या जागी बसेल असं काही मिळेना. शेवटी हेमलताचं ढोकळ्याचं ताट चपखल बसलं. तिला मी सांगितलं नाही. ताट गायब असल्याचं तिला रविवारी समजलं, जेव्हा तिने ढोकळ्याचं पीठ भिजवलं.

आता जाळी करून घ्यायची होती. मी पिरंगुटच्या एका फॅब्रिकेटरला फोन करून 'सोसायटीचं ग्रिल करायचंय' असं सांगितलं. त्याचं नाव कैलास. तो टेप आणि दोन माणसं घेऊन आला, इमारतीकडे मान वर करून पाहिलं आणि हसला. दोन विंग, भरपूर बाल्कन्या. मी त्याला पोडियमवर नेलं.

तो ग्रिलभोवती एक फेरी मारून आला. "ह्याला ग्रिल लावायचं?"

"नाही. हेच ग्रिल आहे."

कैलासने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "सायेब, हे ग्रिल हाय, तर मंग मी आजवर काय करतुया?"

मी त्याला सगळं समजावलं. त्याला ते पटलं असं म्हणता येणार नाही, पण एवढ्या लांब आल्यासारखं त्याने जाळीचं माप घेतलं. आणि खाली जाता जाता रेश्माताईंच्या बाल्कनीचंही घेतलं. कुणाच्या परवानगीने, असं वॉचमनने विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

जाळी आली तेव्हा तिघांनी ती उचलून आणली होती. खिडकीच्याच सळया होत्या, मध्ये एक कमळाची नक्षी. ठेवताच ग्रिल तीन चाकांवरून चौथ्या, नसलेल्या चाकाकडे कललं. खाली वीट लावली. सगळ्यात वाईट म्हणजे जाळीला विटकरी रंग होता.

"हे काय लावलंय?"

"रेड ऑक्साईड. गंज लागणार न्हाई," कैलास अभिमानाने म्हणाला.

"कैलास, यावर पनीर भाजायचंय."

"मंग आधी सांगायचं व्हतं. मी आइल पेंट मारला असता."

पुढचे चार दिवस ऑफिसातून आल्यावर मी पॉलिश पेपरने तो रंग खरवडत होतो. कमळाच्या पाकळ्यांतून तो निघेना. ऑफिसात माझ्या नखांकडे बघून कुणीतरी विचारलं की घरात पेंटिंग काढलंय का. मी हो म्हणालो. कधी कधी खरं सांगण्याइतकं त्राण माणसात उरत नाही.

गॅसचं राहिलं होतं. रबरी नळी उंदरांनी कुरतडली होती, ती बदलली. सिलिंडरसाठी एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान न उचलता विचारलं, "कशासाठी?"

"ग्रिलसाठी."

"वेल्डिंगचा गॅस इथं मिळत नाही."

"स्वयंपाकाचं ग्रिल आहे. सोसायटीचं."

"मग घरगुती सिलिंडर चालणार नाही. व्यावसायिक लागेल. सोसायटीच्या नावाने अर्ज, ठराव, सेक्रेटरींची सही."

शरदचंद्रांनी सही द्यायला नकार दिला नाही. त्यांनी फक्त सांगितलं की सोसायटी व्यवसाय करत नाही, त्यामुळे व्यावसायिक शब्द असलेल्या कागदावर सही करता येणार नाही. एजन्सीने शब्द बदलावा. एजन्सी म्हणाली, शब्द कंपनीचा आहे. मी दोन वेळा इकडून तिकडे गेलो आणि तिसऱ्यांदा चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून राहिलो, नुसता. पुढचा हॉर्न वाजवत होता, मागचा हॉर्न वाजवत होता. मला कुणाचाही राग आला नाही. याचीच मला भीती वाटली.

घरी आलो तर शरदचंद्रांचं पत्र दाराखाली सरकवलेलं. रेश्माताईंच्या आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला ग्रिल बसलं होतं. दोघांनीही 'उपसमितीची तोंडी संमती' असं कळवलं होतं. मी अधिकाराबाहेर जाऊन इमारतीचं रूप बिघडवलं, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

मी पत्र हेमलतासमोर ठेवलं. "बास. बाहेरून मागवू. नाहीतर एखाद्या हॉटेलात करू तिचा वाढदिवस."

हेमलता माझ्या मागे बघत होती. किमया दारात उभी होती.

"हॉटेलमध्ये सगळ्यांचेच होतात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही झालं तरी चालेल, बाबा." आणि आत निघून गेली. आतून गाण्याचा आवाज आला नाही.

मी चपला घातल्या आणि हैबतरावांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच फोन लावला. रिहे गावाच्या रस्त्याला त्यांच्या भाच्याचा ढाबा आहे. "भाचा सिलिंडर आणून जोडून दिल. वापरातला हाय, पर अर्धा तरी असंल," ते म्हणाले. तो नियमात बसतो का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारण्याने माझं काय झालं आहे हे आठवून मी गप्प बसलो.

वाढदिवसाचा रविवार उजाडला. भाच्याने सिलिंडर जोडला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली, सकाळी डावे दोन्ही बर्नर पेटवून दाखवले आणि तो गेला. निळ्या ज्योतीची एक लांब ओळ कमळाखाली उभी राहिली. मी हेमलताला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे." मग वाकून खाली बघितलं. "माझं ताट."

पाच वाजता मुलं आली. फुगे, टोप्या, बी विंग सगळी आणि ए विंगच्याही काही जणी. मी अॅप्रन बांधून उभा. पनीर, ढोबळी मिरची, कांदा, सगळं हेमलताने सकाळीच मसाल्यात भिजवून कांड्यांना ओवून ठेवलेलं. मी नॉब फिरवला, लायटर लावला. एका बर्नरला पिवळी, बोटभरही नाही अशी ज्योत आली. दुसऱ्याला तीही नाही. मिश्र बाजू मी सकाळी उघडलीच नव्हती. ती मधल्या काळात पुन्हा माश्यांच्या ताब्यात गेली होती.

पहिल्या कांड्या ठेवल्या. दहा मिनिटांनी पनीर कोमट झालं. मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. मग रांगेत खेळू लागली. मग रांग नव्हती. हेमलता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी पिझ्झा मागवलाय. मुलं भुकेली आहेत."

"दोन मिनिटं दे."

"केक कापायचाय. चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

ज्योत पिवळी का, ते मला कळलं होतं. सकाळी पेटवून झाल्यावर दुपारी बर्नरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने नवं काम काढलं होतं. ओला चिखल होता. गॅस बंद करून मी बर्नर गार व्हायची वाट बघितली, तो उपसला, आणि फुग्याच्या काठीने नळीतला चिखल कोरू लागलो. पोडियमच्या दुसऱ्या टोकाला 'हॅपी बर्थडे' सुरू झालं. मी उठलो, पण एका हातात बर्नर आणि दुसऱ्या हातात चिखल. नुसता उभा राहिलो. मुलांच्या डोक्यांवरून मला फक्त मेणबत्त्यांचा उजेड दिसला, आणि मग तोही दिसेनासा झाला. टाळ्या झाल्या.

बर्नर बसवून पेटवला तोवर अंधार पडत आला होता. मुलं पिझ्झा खाऊन खाली खेळायला गेली होती, काही जणी भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन घरी. आणि ग्रिल पेटलं. असं पेटलं की बिल्डरच्या माहितीपत्रकातही तसं पेटलं नसेल. पनीर तडतडायला लागलं. वास सुटला. खायला मात्र कुणी नव्हतं.

शरदचंद्र आले. हातात घड्याळ. "पोडियमची आरक्षित वेळ सात वाजता संपली आहे."

"हो. आवरतो."

ते गेले नाहीत. जाळीकडे बघत होते. त्यांची बायको महिनाभर मुलाकडे बेंगळुरूला आहे हे मला माहीत होतं. मी एक कांडी ताटलीत ठेवून पुढे केली. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली, विचार केला, आणि म्हणाले, "मीठ किंचित कमी आहे." आणि ताटली परत पुढे केली.

मग हैबतराव आले. मग नव्या ग्रिलमधून वास आला म्हणून रेश्माताई. मग वॉचमन, मग बाल्कनीच्या नकाशावाले आजोबा. माणसं ताटल्या घेऊन आली, कुणी घरची चटणी घेऊन आलं. कुणी मिरची कच्ची म्हणालं, कुणी जाळीवरच्या कमळाचा ठसा पनीरवर छान उठतो म्हणालं. शरदचंद्रांनी रेश्माताईंना, बाल्कनीतलं ग्रिल उतरवावंच लागेल, असं तोंडात घास असताना सांगितलं. त्याही घास खात हो म्हणाल्या. मी कांड्या फिरवत होतो आणि घाम पुसत होतो. माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही, पण ताटल्या येत राहिल्या. डबा रिकामा झाला तशी माणसं हात पुसत निघून गेली.

किमया वर आली तेव्हा मी एकटाच होतो. तिच्या फ्रॉकला माती लागली होती, डोक्यावरची टोपी मानेवर घसरली होती.

"मजा आली?" मी विचारलं.

"हं." मग म्हणाली, "तू नव्हतास."

तिने डब्यात डोकावून बघितलं. "मला?"

डब्यात मसाला उरला होता. मी पिशव्या उलट्या करून पाहिल्या. एका पिशवीच्या तळाशी कणीस निघालं. ते सोलून मी जाळीवर ठेवलं आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. एका बाजूचे दाणे काळे होऊ लागले, फुटू लागले. मी ते फिरवलं. त्याच क्षणी ज्योत खाली बसली, केशरी झाली, आणि फप्प असा आवाज करून विझली. भाच्याचा सिलिंडर संपला होता.

"थांब," मी म्हणालो, "घरी गॅसवर भाजून देतो."

"नको."

ती पोडियमच्या कट्ट्यावर बसली. मी शेजारी बसलो. तिने भाजलेल्या बाजूच्या ओळी एकेक करून, नीट, शेवटपर्यंत खाल्ल्या. तोंडाभोवती काळं लागलं. मग कणीस फिरवून तिने माझ्या हातात दिलं.

"ही बाजू तुझी," ती म्हणाली.

मी खाल्ली.